गुरुवारचा पत्र्याचा माणूस

इतके रटाळ सिनेमे जगात कुणी पुन्हा पुन्हा बघत असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरात मात्र दर गुरुवारी दुपारी दोन माणसं ते बघायची. एक मी आणि दुसरे दादा, म्हणजे माझे वडील. दादा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलवर कामाला होते. मिलला गुरुवारी सुट्टी. माय बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला जायची, तिला सुट्टी रविवारी. त्यामुळं गुरुवारी मी कॉलेजातून आले की घरात आम्ही दोघंच.

आमच्या गल्लीचा केबलवाला दुपारी स्वतःजवळच्या कॅसेटी लावायचा. यंत्रमाणसांच्या चार-पाच कॅसेटी त्याला कुठून स्वस्तात मिळाल्या होत्या, देव जाणे. सगळ्या परदेशातल्या, हिंदीत डब केलेल्या. पत्र्याचा माणूस एका बोळातून चालत यायचा. थोड्या वेळानं परत त्याच बोळातून चालत यायचा. त्याच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसायची. दुसऱ्या एका सिनेमात अर्धा माणूस आणि अर्धं यंत्र असलेला एक जण होता, त्याच्या गालाला फासलेला चांदीचा रंग घामानं ओघळायचा. एक बाई पळायची, पडायची, उठून पळायची, परत पडायची. "अगं बये, धड चप्पल तरी घाल!" असं मी टीव्हीला म्हणायचे. गोष्ट म्हणाल तर काही नाहीच.

दादांना मात्र हेच सिनेमे लागायचे. टीव्हीवर चांगला मराठी सिनेमा असला, शेजारच्या बायका दारात येऊन बसल्या, की हे उठून पान खायला चौकात निघून जायचे. "त्यात काय, निस्ती बडबड," म्हणायचे. आणि पत्र्याचा माणूस बोळातून आला की मांडी घालून असे बसायचे, जणू पंगतच बसली आहे. मला राग यायचा. कसली मेली ही आवड!

कंटाळा घालवायला मी यंत्रमाणसाची नक्कल करायचे. टीव्हीच्या आडवी उभी राहायचे, हात ताठ करायचे आणि तोंड वासून एकेक अक्षर सुटं करून विचारायचे, "दा. दा. चा. घे. ता. का." दादा खदखदून हसायचे. "घेतो ना! साखर जरा जास्ती टाक," म्हणायचे. एरवी मी आतून चहाचं तीनदा विचारलं तरी उत्तर नसायचं. चौथ्यांदा ओरडले की "हां हां, बराबर" एवढंच. माय तर रोज वैतागायची. ऐकून न ऐकल्यासारखं करायची ह्या माणसाला खोडच आहे, म्हणायची. मलाही तेच वाटायचं.

मी बारावी पास झाले त्या उन्हाळ्यात अंबडकडच्या एका गावातली माणसं मला बघून गेली. मुलगा शेती बघणारा, घरचं बरं. मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. फॉर्म आणून मी टीव्हीच्या कव्हराखाली लपवून ठेवला होता.

त्या गुरुवारी पत्र्याचा माणूस बोळात असताना दादा एकदम म्हणाले, "बाई, आपल्या भावकीत पोरीला कुणी इचारत न्हाई. पर मी इचारतो. पोरगा पसंद हाय का? मनातलं सांग."

बापाच्या तोंडाकडं बघून लग्नाचं बोलणं आमच्याकडं कुठल्या पोरीला जमतं? मी तोंड टीव्हीकडं वळवलं आणि एका दमात सांगून टाकलं. "न्हाई दादा. मला आत्ता लगीन न्हाई करायचं. मला डी.एड.ला जायचंय. फॉर्म आणलाय मी, कव्हराखाली हाय."

दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हां हां, बराबर," म्हणाले.

जिंकले की मी! उड्या मारत आत गेले आणि त्या दिवशी न सांगता त्यांच्या चहात साखर दोन चमचे जास्त घातली.

शनिवारी सुपारी फुटली. मी माळ्यावरून शेवयांचा डबा काढत होते, तेव्हा मायनं येऊन सांगितलं की तारीख ठरली.

"मला कुणी इचारलं का?" मी म्हटलं.

"तुला इचारलंय म्हणले की तुझे दादा."

"हो, इचारलंय ना! लई चांगलं इचारलंय!" मी हातातला डबा असा आपटला की शेवया सगळ्या घरभर झाल्या.

पुन्हा सांगायला काय झालं होतं मला? आज तेच वाटतं. पण तेव्हा माझा ताठा असा की विचारू नका. एकदा सांगितलं, त्यांनी बराबर म्हटलं आणि मग पाठीमागं सौदा केला. आता काय पाया पडू? फॉर्म मी बंबात घातला. लग्नात रडले तर सगळे म्हणाले, पोरगी माहेरासाठी रडते.

नवरा वाईट नाही निघाला, ते खोटं बोलणार नाही. कापूस वेचला, सासूचं केलं, दोन लेकरं झाली. पण गावच्या शाळेसमोरून जाताना मी कधी तिकडं बघितलं नाही. आणि दादांशी सात वर्षं धड बोलले नाही. दिवाळीला गेले की मायशी गप्पा मारायचे. ते काही विचारायला लागले की पाठ करून भांडी घासत उत्तर द्यायचे, तेही तुटक. "बाई रागावली का गं?" असं ते मायला विचारायचे. माय म्हणायची, ती तशीच हाय.

मग एक दिवस निरोप आला की दादांना मिलमध्ये भाजलं. लालभडक सळई वाट सोडून बाहेर उसळली होती. बाकीचे ओरडले आणि उड्या मारून बाजूला झाले. दादा तिथंच उभे राहिले. मांडीपासून पोटरीपर्यंत कातडी गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला, मग कान बघितले. म्हणाले, मिलच्या आवाजानं दोन्ही कान कधीचे गेलेत. मायनं कपाळाला हात लावला. तिलासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. मिलमध्ये सगळेच खुणांनी बोलतात, तिथं कुणाला कळणार? मुकादमाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

"कधीपासून?" मी खुणेनं विचारलं.

"तू धाव्वीत होती तेव्हापासून," दादा म्हणाले.

दहावी. आणि मी त्यांना उत्तर दिलं बारावीनंतर, टीव्हीकडं तोंड करून. त्या सिनेमांचंही कोडं सुटलं. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतंच. त्यातली बडबड मलाही अर्धी कळायची नाही, त्यामुळं दर गुरुवारी तीन तास ते माझ्या बरोबरीचे व्हायचे.

पंधरा दिवसांनी ते घरी आले. माय कामावर गेली होती. दादा खाटेवर, पायाला पट्टी, समोर टीव्ही चालू, आवाज बंद. आता लपवायचं काय राहिलं होतं? नवा कुठला तरी यंत्रमाणूस नव्या बोळातून चालत होता. मी ठरवून गेले होते की आज सांगायचं. मी त्या दिवशी काय म्हटलं होतं ते एकदा त्यांना कळलं पाहिजे. सात वर्षांचं हे ओझं मी एकटीनं का वाहायचं?

मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"बाई, लई चुका केल्या मी. कानाचं झाकून ठेवलं, ही बी चूकच. पर एक काम बराबर केलं. भावकीत कुणाच्या बापानं केलं न्हाई ते. तुला इचारून तुझं लगीन लावलं. तू लाजून टीव्हीकडं तोंड केलं, मंग मला कळालं, पोरगी राजी हाय." आणि माझ्या ओठांवर नजर लावून त्यांनी विचारलं, "इचारल्तं ना मी?"

मी उठले. टीव्हीच्या आडवी उभी राहिले, हात ताठ केले आणि तोंड वासून एकेक अक्षर सुटं केलं. "हो. दा. दा. इ. चा. र. ल्तं. तु. म्ही."

दादा खदखदून हसले. "मंग!" म्हणाले. "जा, चा टाक."

मी आत गेले, स्टोव्हपाशी बसले आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून रडले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, पदर कशाला? मी कितीही मोठ्यानं रडले असते तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं.