कमी पडलेले चौदा तास

१२ जूनला आमच्या कॉलेजच्या खात्यातून दोन लाख सतरा हजार पाचशे रुपये परदेशातल्या विद्यापीठाकडे रवाना झाले. एका मुलीच्या तिसऱ्या वर्षाच्या फीचा तो पहिला हप्ता होता. आमच्याकडे इंजिनिअरिंगची दोन वर्षं इथे, पुढची दोन तिकडे आणि पदवी तिकडची, अशी सोय आहे. मुलीचे वडील किल्ल्या बनवतात. दुकानामागची खोली विकून त्यांनी पैसे उभे केले होते.

तिसऱ्या दिवशी तिकडून ईमेल आला. वर्कशॉपचे साठ तास हवेत, हिचे सेहेचाळीसच भरतात. १५ जुलैपर्यंत पूर्तता झाली नाही तर जागा रद्द.

याला कारण आमचे मिस्त्री. वर्कशॉप त्यांच्या ताब्यात येऊन एकतीस वर्षं झाली. त्याआधी ते एका कारखान्यात होते. तिथल्या मुकादमाने दोन वर्षं त्यांचे जादा तास कमी लिहिले. तेव्हापासून वेळेच्या बाबतीत हा माणूस कुणाचं ऐकत नाही. बाकीच्या प्रयोगशाळांत मुलगा कधीही जावो, रजिस्टरात तीन तास पडतात. मिस्त्री मात्र मनगटावरच्या घड्याळात बघून आल्या-गेल्याची वेळ मिनिटासकट लिहितात. आणि त्यांचा दुसरा नियम असा, की काम झालं की घरी जायचं, उगाच रेंगाळायचं नाही.

मुलीचा हात लहानपणापासून कानशीवर बसलेला. इतरांना तीन तास लागणारा जॉब ती सव्वादोन तासांत संपवायची आणि वडिलांना जेवायला सोडायला दुकानात पळायची. तिचं कौशल्यच तिच्या मुळावर आलं.

प्राचार्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मी ऑफिसातला हिशेबनीस, फाईल घेऊन तिथेच होतो.

"अहो मिस्त्री, लिहून टाका की तीन-तीन तास. सगळे तेच करतात."

"सर, मग एकतीस वर्षांचं सगळंच रजिस्टर खोटं होईल."

"पोरीचं वर्ष जाईल त्याचं काय?"

मिस्त्री उठून बाहेर आले. बाहेर मुलगी उभी होती. तिने सरळ विचारलं, "काका, काम झालं की जा, असं तुम्हीच म्हणत होतात ना?"

"म्हणत होतो. तिकडे काम मोजत नाहीत, तास मोजतात, हे मला ठाऊक नव्हतं. चूक माझी, आणि भोगतेयस तू."

त्या संध्याकाळी मिस्त्री माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि मला म्हणाले, "तुमचं इंग्रजी बरं आहे. जे झालं तेच तिकडे लिहा, काही झाकू नका." मी लिहिलं. उत्तर आलं: तास भरून द्या, दुसऱ्या विभागातला साक्षीदार हवा. शनिवारी दुपारी ऑफिसात माझ्याशिवाय कुणी नसतं, म्हणून साक्षीदार मी.

पहिल्या शनिवारी मुलगी फुरंगटूनच आली. "सगळे जॉब झालेत माझे. आता काय, परत तेच?"

"नाही. हे घे." मिस्त्रींनी बिडाची एक जाड पाटी पुढे ठेवली. तिच्यावर निळा रंग लावलेली दुसरी, अगदी सपाट पाटी घासायची, जिथे निळं उमटेल तो उंचवटा हाताने खरवडायचा, पुसायचं, पुन्हा घासायचं. डोळ्यांना ती बिडाची पाटी आधीच आरशासारखी सपाट दिसत होती.

तासाभराने मुलगी म्हणाली, "काका, हे संपतच नाही."

"म्हणून तर तुला दिलं."

ती हसली. मीसुद्धा हसलो, पण हिशेबाच्या कागदात तोंड घालून.

असे चार शनिवार गेले. मिस्त्री तिच्या कोपराला दोन बोटं लावून जोर कुठून द्यायचा ते दाखवायचे. बाकी बोलणं फार नाही. तिसऱ्या शनिवारी वडील दुकान बंद करून आले, पाटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मला नसतं जमलं." मिस्त्रींनी त्यांना स्वतःचं स्टूल दिलं आणि आपण उभे राहिले.

शेवटच्या शनिवारी तास भरल्यावर मी सांगितलं, "झाले बरं का." मुलीने मान वर केली नाही. "एवढा कोपरा राहिलाय, काका." मिस्त्री थांबले, मीही थांबलो. ती हात धुवायला उठली तेव्हा मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं आणि एकूण लिहिलं: चौदा तास वीस मिनिटं. मी खाली सही केली.

१३ जुलैला तिकडून होकार आला. ऑगस्टमध्ये मुलगी गेली.

निळ्या रंगाची डबी मिस्त्रींनी स्वतःच्या खिशातून आणली होती. तिचे पंच्याऐंशी रुपये कॉलेजने त्यांना अजून दिलेले नाहीत.