चाक आणि खुंटी

शिंपीकाका फावल्या वेळात कविता करायचे. लेक सासरी गेली तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘तुझ्यावाचून घर सुनं झालं.’

काकूंनी नाक मुरडलं. “हे तर कुणीही म्हणेल. तुम्हाला काय होतं ते सांगा की.”

काका हिरमुसून मशीनवर बसले. शिवण संपल्यावर त्यांनी पाय काढला, तरी चाक आपलं फिरतच होतं. समोर लेकीच्या ओढणीची खुंटी रिकामी होती. त्यांनी दोन्ही कागदावर शेजारी शेजारी मांडली: ‘पाय काढला तरी चाक फिरतंय, ओढणी गेली तरी खुंटी भिंतीला धरून आहे.’ दुःख हा शब्दच त्यात नव्हता.

त्यांनी ते वाचून दाखवलं, तसा बटणं लावणाऱ्या काकूंचा हात थांबला.

“पोरीला फोनवर ऐकवू नका हं,” त्या म्हणाल्या. “आधी मला परत एकदा वाचून दाखवा.”