दाजींची तडकलेली होडी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतच्या स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत होते. ताईचा आवाज नेहमीसारखाच होता. "हे गेले गं. चहा प्यायले, खुर्चीत मागं टेकले... आन् गेले." मी तशीच शिरूरकडे वळले. दफनाच्या दिवशी ज्याने त्याने मला एकच विचारलं, नदीत का? नाही, नदीत नाही, घरात, असं सांगून मी कंटाळले. आता काही आठवडे झालेत, तर त्या नदीचं नीट सांगते.

रत्नाकर साळवे हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडजवळ त्यांचं घर. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. डावा पाय लहानपणीच पोलिओने आखूड राहिलेला. त्याबद्दल ते बोलत नसत, लोक बोलत. चर्चच्या पायऱ्या चढताना कुणी दंडाला धरलं की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. निवृत्तीनंतर एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून त्यांनी पिवळी प्लास्टिकची कयाक आणली. लांबट, अरुंद, एका माणसाची होडी, एकाच वल्ह्याने दोन्ही बाजूंना वल्हवायची. घोड नदीच्या बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात ते रोज संध्याकाळी ती घालत. "हितं कुणी दंड धरत न्हाई," असं एकदा म्हणाले होते. त्या विषयावर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढंच. ताईला पोहता येत नाही, तरी ती रोज काठावर स्टूल टाकून नदीकडे पाठ करून बसायची. बघवत नाही आणि घरीही थांबवत नाही, म्हणून.

मग एका पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि होडी दोर तोडून गेली. पाणी उतरल्यावर बंधाऱ्याच्या खांबांत अडकलेली सापडली. नाक चेपलेलं, तळाला हातभर लांब तडा, त्यातून बोट आत जाईल एवढा. भंगारवाला येऊन बघून गेला, पण दाजींनी ती ओट्यावर उलटी घातली. आधी गळक्या पाइपाला लावतात ती पुट्टी भरून बघितली. वाळल्यावर ती पापुद्र्यासारखी सुटून आली. त्या प्लास्टिकला काही चिकटतच नाही. त्याला त्याच्याच जातीचं प्लास्टिक वितळवून जोडावं लागतं, हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं. गच्चीवरच्या फुटक्या टाकीच्या पट्ट्या कापल्या, गरम हवा सोडणारी गन आणली. मी शिकवते त्या शाळेला तेव्हा दिवाळीची सुट्टी होती. मी पट्टी धरायची, ते गन चालवायचे. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी आधी बारीक भोकं पाडली. काळ्या टाकीची पट्टी, पिवळी होडी... शेवटी ऑपरेशनच्या टाक्यांसारखी एक काळी रेघ उमटली. होडीत पाणी भरून ठेवलं, खाली थेंब नाही. दाजी मला "शाबास" म्हणाले.

हिवाळाभर होडी चालली. उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी मीही काठावर होते. नदीच्या मधोमध ती रेघ उसवली. दाजी ओरडले नाहीत. होडी जड होत गेली आणि ते बसल्या जागीच पाण्यात गेले. अंगात लाइफ जॅकेट होतं. पाणी भरलेल्या होडीला धरून ते तरंगत राहिले. मी किंचाळले तेव्हा ताईने वळून पाहिलं. जवळच जाळी टाकणाऱ्यांनी दाजींना ओढून काठावर आणलं, होडीसकट.

धाप लागलेली असतानाच दाजी म्हणाले, "परत जोडता येईल."

"न्हाई," ताई म्हणाली. "ती भंगारात घाला."

दाजींनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. ताईने त्यांच्या केसांत अडकलेला जलपर्णीचा तुकडा काढला आणि विचारलं, "दोघांची मिळती का?"

दाजींना कळायला वेळ लागला. "दोघांची? कशाला?"

"पाठ करून बसून मान दुखती माझी."

दोघांची मिळाली, निळी. पोहता न येणारी माझी बहीण जॅकेट घालून पुढे बसू लागली, दाजी मागे. वल्ही एकमेकांवर आपटत आणि त्यांची भांडणं काठापर्यंत ऐकू येत. "तुम्ही उलटं का मारता?" "तू थांबतीस का जरा?" जुन्या होडीसाठी दाजी हळहळले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "नवी बेस हाय. सरळ जाती."

मागच्या आठवड्यात ताई मला म्हणाली, "चल, पाण्यावर जाऊ." तिने मला पुढे बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर बसली. तिथे पाय टेकायला दोन पट्ट्या आहेत, हव्या तशा मागेपुढे सरकणाऱ्या. उजवी लांब होती. डावी दाजींनी पार जवळ ओढून घेतलेली. ताईने त्या दोन्हींवर पाय टेकले, एक गुडघा वर, एक सरळ, आणि तशीच वल्हवत राहिली. नदीच्या मध्यावर ती थांबली.

"पाय अवघडला गं," म्हणाली.

मागे पट्टी सरकल्याचा खट्ट आवाज आला. मी वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने तिचं वल्हं पुन्हा पाण्यात पडलं.