मुक्ताबाईंच्या बोटावरचा आकडा

कारेगावच्या एका कारखान्यात जालिंदरआप्पांनी सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळला. प्रेशरचा काटा वर सरकला की बाकीचे मागं सरायचे, आप्पा पुढं जायचे. भिणं त्यांना ठाऊक नव्हतं. रिटायर झाल्यावर बायकोच्या हृदयाची झडप बदलावी लागली, तेव्हा ते कळलं.

ऑपरेशननंतर मुक्ताबाईंना पुण्याहून भांडगावला घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "हृदय अजून कमी ताकदीनं चालतंय. ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली गेला, दम लागला, पाय सुजले, तर वाट बघू नका."

आप्पा दिवसातून दहादा ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र मुक्ताबाईंच्या बोटाला लावायचे. पंच्याण्णव. शहाण्णव.

अकराव्या दिवशी सकाळी आकडा आला नव्वद.

"हात गार पडलाय माझा, म्हून," मुक्ताबाई म्हणाल्या.

आप्पांनी त्यांची बोटं चोळचोळून ऊन केली. पुन्हा लावलं. अठ्ठ्याऐंशी. मग स्वतःच्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव. यंत्र बरोबर होतं.

"रातीला झोपली व्हतीस का?"

"बसूनच व्हते. आडवं झालं की जीव कोंडतो."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमी आदीच... किती भ्यालाय," दोन शब्दांमागं त्यांना थांबावं लागत होतं.

आप्पांनी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरून येईना.

सून शितलनं हॉस्पिटलला फोन लावला. "आडवं करू नका, बसवूनच ताबडतोब आणा," तिकडून सांगितलं. अँब्युलन्स आली, तोंडाला मास्क लागला, तरी आकडा काही चढेना. यवतच्या ट्रॅफिकमध्ये तो शहाऐंशीवर आला. मुक्ताबाईंचे ओठ जांभळट दिसू लागले. कारखान्यात निदान उघडायला एखादा व्हॉल्व्ह असायचा. इथं आप्पांच्या हातात फक्त बायकोचा हात होता.

हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. हृदयाभोवती पाणी साचलं होतं, त्या दाबानं त्याला नीट फुलता येत नव्हतं. मुक्ताबाईंना लगेच आत नेलं. थोड्या वेळानं नर्सनं बाहेर येऊन आप्पांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. आत हिरव्या बांगड्या आणि जोडवी.

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "हे... हे मला का देताय?"

"मामा, आत दागिने चालत नाहीत. तेवढंच," नर्स म्हणाली.

पण ते तेवढंच त्यांना पटेना. पिशवी छातीशी धरून ते भिंतीला टेकून उभे राहिले. शितलनं दोनदा खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत.

तासाभरानं डॉक्टर आले. पाणी काढलं होतं, ऑक्सिजन शहाण्णव होता.

दोन महिन्यांनी तपासणीत हृदयाची ताकद वाढलेली दिसली, पुरती मात्र आली नव्हती. मुक्ताबाई आता परसात गवार तोडतात. आप्पा बांधावर बसून त्यांचा श्वास बघतात.

"घरात जावा की. मी काय पळून चाललेय?"

"बसतो हितंच," आप्पा म्हणतात.