धावजीबाबांचा टोल

हे आजवर मी कुणाजवळ काढलं नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि ती तर माझ्या झोपेतल्या बडबडीवरूनही उलटतपासणी घेते. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका झालं.

मी साउंडवाला. गाव लोणी, पोट पुण्याच्या स्टुडिओवर. दोन हजार सालानंतर चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या सराउंड साउंडची हवा आली, तेव्हा मला तसं पहिलंच काम मिळालं — आंबेगावच्या डोंगरातल्या धरणग्रस्तांवरचा माहितीपट. त्यात धावजीबाबा होते. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा वरसूबाई देवीचा ढोल त्यांनी डोक्यावरून वर आणलेला. यात्रेत पहिला टोल त्यांचाच. टोल म्हणजे टिपरू, ढोलाची काठी, पडल्यावर घुमतो तो खालचा, खर्जातला आवाज. दुसऱ्या बाजूला पंजाने वाजते ती थापी. रेकॉर्डिंग करताना तो टोल मला कानांआधी बरगड्यांत कळला होता.

आता — कसं सांगू? सराउंडमध्ये खालच्या आवाजासाठी वेगळा चॅनल असतो, सबवूफरचा. तो वरकड. जे ऐकू आलंच पाहिजे ते एकट्या त्याच्या भरवशावर सोडायचं नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. कारण टीव्हीसाठी दोन स्पीकरची कॉपी काढताना मशीन तो चॅनल सरळ टाकून देतं. पण मला थिएटरातल्या खुर्च्या हलवायच्या होत्या ना! टोल निवेदनावर चढत होता, म्हणून बाकीच्या स्पीकरमधून तो छाटला आणि सगळाच्या सगळा सबवूफरला दिला. पुण्यात खुर्च्या हलल्या. लोकांनी पाठ थोपटली. मी हवेत.

मग यात्रेआधी गावात माहितीपट दाखवायचं ठरलं. कॉपी मीच काढली. लावून ऐकली का? नाही. देवळापुढच्या मांडवात टीव्ही ठेवला, गाव जमलं, बाबा सगळ्यांत पुढे, नवा फेटा बांधून. टीव्हीवर त्यांचा हात उठला, टिपरू पडलं — आणि काहीच नाही. नुसती थापीची टिचटिच. मला त्याच क्षणी कळलं. मशीनने टोलच टाकून दिला होता.

त्या गावची एक रीत आहे. ज्याचा टोल घुमेनासा होतो, त्याने आपणहून टिपरू देवीपुढे ठेवायचं. गावातल्या दुसऱ्या कुणी सांगायचं नसतं. आणि टोल किती लांब जातो हे वाजवणाऱ्याला कुठे कळतं? तो तर ढोलावर वाकलेला. म्हणून बाबांनी मला विचारलं, "पावणं, तुमी जवळ व्हता. माझा टोल घुमंना व्हय आता? मशीन काय खोटं बोलंल?"

शेजारी डायरेक्टर उभा होता. चूक माझी आहे, बाबा — एवढंच म्हणायचं होतं. जीभ का उचलली नाही? भित्रा होतो म्हणून. मी म्हणालो, "वय झालं, बाबा. चालायचंच."

"व्हय, राव," ते म्हणाले. "हात गेला माझा."

यात्रेला त्यांनी टिपरू देवीपुढे ठेवलं. पुतण्याने उचललं. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी ते पाहत होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. पुढच्या यात्रेआधीच ते गेले.

तेव्हापासून कुठलंही काम असो, सबवूफरचा चॅनल एकटा लावून तपासताना त्यात काही नसलं तरी टोल पडतो — एक, मग थोडं थांबून दुसरा. सोबतचे म्हणतात, काही ऐकू येत नाही.

मूळ टेप माझ्याकडे आहे. बाबा गेल्यावर एकदाच लावली, बाकीचे सगळे आवाज बंद करून, नुसता टोल. टेबलावरच्या कपातला चहा थरथरला, खिडकीची काच वाजली. हात गेलेला नव्हता. तो गेला असं मीच त्यांना सांगितलं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.