संत्र्याच्या गावाहून संत्र्याच्या गावी

पांढुर्ण्याहून गाडी हलली तेव्हा मी रडले नाही. कधी एकदा निघते असं मला झालं होतं. बाबा मात्र खिडकीशी चालत राहिले. "पोचली की फोन कर. अन् तिकडची संत्र्याची झाडं कशी हाये, ते पाहून सांग बरं," एवढंच म्हणाले.

तिगाव मागे पडलं, तशी समोरची बाई विचारती झाली. सौंसर तालुक्यात, रामाकोन्याजवळ आमची संत्र्याची बाग आहे आणि मी फळबागांचंच शिकायला स्पेनमध्ये वालेन्सियाला चालले आहे, हे ऐकून ती म्हणाली, "एवढ्या दूर कायले चालली बेटा? संत्री तं इथंच हाये." मी हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

वालेन्सियात रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं होती. फळांनी लगडलेली, आणि कुणी हात लावत नव्हतं! मी एक तोडलं, सोललं आणि फोड तोंडात टाकली. कडू जहर. बाकावर बसलेले एक आजोबा पोट धरून हसले. ती झाडं शोभेची असतात, हे त्यांनी मला हातवारे करून समजावलं.

खोलीत माझं मन लागेना. सहा आठवड्यांत मी खाट तीनदा हलवली. रविवारी दुकानं बंद, रस्ते सुने. मग मी ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. न विचारता कुणी कुणाच्या दाराशी येत नाही, म्हणून आठवडाभर माझं दार वाजायचं नाही. परतीच्या विमानांच्या वेळा मला पाठ झाल्या होत्या.

नोव्हेंबरात प्रात्यक्षिक आलं. एका बागेत सहा आठवडे काम करायचं आणि शेवटी मालकाची सही आणायची. सही नाही तर सत्र वाया, आणि सत्र वाया गेलं की सरळ घरी. माझ्या वाट्याला आलेल्या बागेची मालकीण होती आम्पारो. साठीची, बुटकी, खणखणीत आवाजाची.

"संत्री तोडता येतात?" तिने विचारलं.

"जन्मापासून," मी ऐटीत सांगितलं.

ती ट्रॅक्टर घेऊन निघून गेली. खोक्यात आलिकातेस (देठ कापायची छोटी कैची) पडली होती. ज्यांना तोडता येत नाही त्यांच्यासाठी असेल, असं समजून मी ती बाजूला ठेवली. आमच्याकडे फळ मुठीत धरायचं, मनगटाला पीळ द्यायचा आणि झटका मारायचा. दुपारपर्यंत माझी सात खोकी भरली. बाकीच्यांची दोन-तीनच होती. मी शाबासकीची वाट पाहत उभी राहिले.

आम्पारोने एक फळ उचललं, उलटं केलं. मग दुसरं. मग तिसरं. तिचा चेहरा पडला. देठाजवळची हिरवी टोपी उपटली गेली होती आणि साल सोलवटली होती.

"इथून बुरशी शिरते," ती म्हणाली. "हा माल तीन आठवड्यांनी उत्तरेकडच्या दुकानांत पोचतो. एक सडलं की पेटी गेली."

सातही खोकी रसाच्या ढिगात गेली. "उद्या येऊ नकोस," ती म्हणाली.

बसमधूनच मी बाबांना फोन लावला. खरं सांगते, लाज वाटत होती, पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. बाबांनी 'ये' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"बाबा, मी परत येऊन राहिली," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

पलीकडून प्रश्न आला. "मंग ते लोक कायनं तोडते?"

"कैचीनं."

"अन् किती दिवस टिकते?"

"तीन आठवडे तरी."

"तीन आठवडे!" बाबा म्हणाले. "आपली तं चवथ्या-पाचव्या दिवशी डागी पडते. मले वाटे, आपल्या जमिनीचाच दोष हाये. तू पहिले ते शिकून घे, बेटा. मंग ये."

जन्मभर हा माणूस आपल्या मातीला दोष देत आला होता. मला बसमध्ये बसवेना, दोन थांबे आधीच उतरून चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेच्या फाटकाशी हजर.

"येऊ नको सांगितलं होतं ना?" आम्पारो म्हणाली.

"आमच्याकडे ज्या घरी बोलणी खाल्ली, त्या घरी दुसऱ्या दिवशी जावंच लागतं. नाहीतर अबोला पक्का होतो."

माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये हे सांगायला इतका वेळ लागला की ती कंटाळली असावी. तिने कैची माझ्या हातात दिली. पहिला काप देठावर, दुसरा फळालगत. मग फळ गालावर फिरवून बघायचं. टोचलं तर पुन्हा कापायचं. दहा वाजता आल्मुएर्सोला (दुपारच्या आधीची भक्कम न्याहारी) माझं अर्धंच खोकं भरलं होतं आणि अंगठ्याला फोड आला होता. आम्पारोने आपल्या पावातला अर्धा तुकडा मोडून मला दिला. सहा आठवड्यांनी तिने सही केली आणि ती कैचीही देऊन टाकली.

फेब्रुवारीत सुट्टीवर घरी आले, तेव्हा आमच्या बागेत तोडा चालू होता. बाबांनी हौसेने कैची घेतली आणि एक झाड तासभर कापलं. तोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "ताई, अशानं तं होळी येईन!" एक म्हणाली. व्यापाऱ्याच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बाबांनी कैची मला परत दिली आणि झटक्याने तोडायला लागले.

मीही कैची खिशात टाकली, एक फळ मुठीत धरलं. मनगट फिरेना. दुसऱ्या झाडाशी गेले, तिथेही तेच. हात आपोआप खिशाकडे जाई.

बाबा बघत होते. ते गुरांच्या कोठ्यात गेले, खुर्ची आणली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली आणि झाडाखाली ठेवली.

"बस बेटा. थकली असशीन."

आमच्या बागेत खुर्ची काढतात ती फक्त पाहुण्यांसाठी. ट्रक भरेपर्यंत मी त्या खुर्चीच्या शेजारी उभी राहिले.