पोलादरावांच्या लेकीची सुरी

डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात मालकाला फारसं कुणी ओळखत नसे. ओळखत ते पोलादरावांना. हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. सुऱ्यांच्या कपाटामागे त्यांचं उभं आयुष्य गेलं. न मिटणारी, पात्यापासून मुठीच्या टोकापर्यंत एकसंध पोलादाची सुरी ते अशी काही समोर ठेवत, की बघणाऱ्याला दागिन्याच्या दुकानात आल्यासारखं वाटे. "रानात वेळ सांगून येत नाही. स्वस्तातली सुरी ऐन वेळी दगा देते," हे वाक्य तर त्यांनी झोपेतही बिनचूक म्हटलं असतं.

आणि ते खोटंही नव्हतं. महागड्या सुरीची धार खरोखरच जास्त टिके, पात्यावर ओंडका हाणला तरी मूठ हलत नसे. फक्त पोलादराव स्वतः कधी रानात गेले नव्हते, एवढंच. घरी म्हणाल तर दिव्याखाली अंधार. बायको प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीवर संसार रेटत होती. धार गेली की ती पातं कपाच्या बुडावर चार वेळा घासे आणि पुढच्या कांद्याला हात घाली.

लेकीला वनखात्यात झाडं मोजायची नोकरी लागली, तेव्हा पोलादरावांनी कपाटातली सगळ्यांत भारी सुरी पेटीसकट तिच्यासाठी घेतली.

"अहो, सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेतं का?" बायको म्हणाली. "पोरगी झाडं मोजेल की हिची राखण करेल?"

"तिच्या जिवाचा प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि विषय संपला.

लेक डोंगरातल्या तळावर राहायला गेली. पोलादराव नेमाने फोन करत. जेवलीस का, हे विचारून झालं की लगेच, "सुरीला तेल लावतेस ना? ओरखडा नाही ना पडला?"

मग एका संध्याकाळी लेकीच्या कचेरीतून फोन आला. धुक्यात लेक इतरांपासून चुकली होती, शोध सकाळीच घेता येणार होता. बायको भिंतीला टेकून खाली बसली. पोलादराव येरझारा घालत एकच म्हणत राहिले, "सुरी आहे तिच्याकडे. सुरी आहे ना." त्या रात्री त्यांना दुसरा आधारच नव्हता.

सकाळी ती एका घळीत सापडली. पाय मोडला होता, बाकी धडधाकट. प्लॅस्टर घालून घरी आली, मागोमाग सोबत्यांनी तिची बॅगही आणून दिली. पोलादरावांना राहवलं नाही.

"तरी मी म्हणत होतो! सुरीनेच तारलं ना?"

लेकीने आईकडे पाहिलं. "बाबा, ती तळावर होती. पेटीत."

"मग?"

"आमच्या स्वयंपाक्याची सुरी होती माझ्या कमरेला. बाजारातली, साधी. तिनेच फांद्या तोडून आडोसा केला. मूठ निघाली, ती बुटाच्या नाडीने बांधली. बोथट झाली की दगडावर घासायची."

"अगं, पण आपली का नाही नेलीस?"

"ओरखडा पडला असता ना." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "पडल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? बरं झालं, बाबांची सुरी आणली नाही, हरवली असती. पाय मोडलाय हे नंतर कळलं."

पोलादरावांनी बॅगेतून पेटी काढली आणि ते मागच्या दाराने बाहेर गेले. थोड्या वेळाने दगडावर लोखंड घासल्याचा असा कर्कश आवाज आला, की बायको धावत गेली. पोलादराव पायरीवर बसून, दात आवळून, ते आरशासारखं पातं आडवंतिडवं घासत होते. धार लावत नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

घरात येऊन त्यांनी सुरी लेकीच्या उशाशी ठेवली. पात्याची पार रया गेली होती.

"घे," ते म्हणाले. "आता हिच्यात जपण्यासारखं काही उरलं नाही. वापर, मोड, टाकून ये कुठेही. तू तेवढी घरी येत जा."